भिंतीतली वीट आणि एक वही

(दिवाळीच्या सुटीत झालेल्या १९९७ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं हे भाषण. समितीने स्मरणिकेसाठी मजकूर मागितला. बोलताना जिथे भरकटले तिथे थोडं सावरलं आहे, बाकी बोलले तसंच दिलं आहे.)



समितीचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, “तू पुण्याला आयटीत आहेस, तर एआयवर बोल. पोरांच्या करिअरसाठी कामाचं होईल.” मी म्हटलं, दिवसभर तेच करते, इथे येऊन तरी नको. मी एका गाण्यावर बोलते. पलीकडून आवाज खुलला. “अरे वा! भावगीत का?” मी म्हटलं, नाही, इंग्रजी गाणं आहे, रॉक आहे, आणि त्यात शाळेतली पोरं एका सुरात शिक्षणालाच नको म्हणतात. जरा वेळ शांतता. मग विचारणा झाली, “सर लोक समोर बसणार आहेत, माहीत आहे ना?”

माहीत आहे. म्हणूनच हे गाणं निवडलं.

तुमच्यापैकी निम्म्यांनी ते ऐकलेलं असणार, नाव माहीत नसलं तरी. पिंक फ्लॉइड नावाचा इंग्लंडचा बँड. त्यांचा ‘द वॉल’ नावाचा अल्बम ३० नोव्हेंबर १९७९ ला आला. त्यातलं ‘अनदर ब्रिक इन द वॉल’, भाग दुसरा. भिंतीतली आणखी एक वीट. त्या वर्षीच्या नाताळात इंग्लंडमध्ये ते पहिल्या क्रमांकावर होतं, पुढे अमेरिकेतही पोचलं. एवढा मोठा बँड, पण पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्यांचं हे एकच गाणं.

आधी एक गोष्ट समजावते, कारण नंतर ती लागेल. हा ‘कन्सेप्ट अल्बम’ आहे, म्हणजे सव्वीस गाण्यांची मिळून एक कथा. आपल्याकडे हे नवीन नाही. गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १९५५ ते ५६ मध्ये आठवड्याला एक असं वर्षभर चाललं, छप्पन्न गाणी. त्यातलं एखादं गाणं सुटं ऐकलं तरी गोड लागतं, पण कोण कुणाला म्हणतंय आणि आधी काय घडलंय हे कळलं तर ते वेगळंच लागतं. ‘द वॉल’चं तसंच आहे. पिंक नावाचा एक मुलगा. बाप युद्धात गेला, ती पहिली वीट. शाळेत मास्तरांनी टर उडवली, आणखी वीट. आईची अति काळजी, बायकोचं सोडून जाणं, वीट, वीट. शेवटी मोठा गायक झालेला हा माणूस स्वतःभोवती उभारलेल्या भिंतीआड एकटा उरतो.

मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं नागपूरला, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, साल २०००. कुणीतरी आणलेली एमपीथ्रीची सीडी होती, त्यावर दीड-दोनशे गाणी कोंबलेली. नावं इंग्रजी वर्णानुक्रमाने लागलेली, त्यामुळे ‘अनदर ब्रिक’चे तिन्ही भाग सलग वाजायचे आणि कथेचा पार चुथडा व्हायचा. आम्हाला कथेशी काय देणंघेणं? दुसऱ्या भागाचा ठेका सुरू झाला की कॉरिडॉरमधल्या सगळ्या खोल्यांतून मुली ओरडायला लागायच्या. परीक्षेच्या आदल्या रात्री तर हटकून. मीही ओरडायचे. आपल्या सगळ्या मास्तरांवर सूड घेतल्यासारखं वाटायचं.

त्यानंतर बावीस-तेवीस वर्षांनी माझ्या मुलीमुळे मी तो अल्बम पहिल्यांदा क्रमाने ऐकला. ती नववीत होती, गिटार शिकते, तिला हे गाणं बसवायचं होतं. आणि मला कळलं की या गाण्याच्या अगदी आधी, त्याला चिकटूनच, दीड-दोन मिनिटांचं एक गाणं आहे. हेलिकॉप्टरच्या घरघरीने सुरू होतं. आमच्या सीडीवर ते वर्णानुक्रमाने कुठेतरी तळाला पडलेलं, म्हणून कधी जोडून ऐकलंच नव्हतं. त्याचं नाव आहे ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्ज’. आपल्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस.

मित्रांनो, सकाळपासून या मांडवात हे वाक्य मी किमान पंधरा वेळा ऐकलंय. बॅनरवर पण जवळपास तेच लिहिलंय. त्या गाण्यात मात्र ते नाव कडवट आहे. पोरांना घालूनपाडून बोलण्यात ज्यांना आनंद वाटतो अशा मास्तरांबद्दल ते आहे. आणि त्यातच एक गंमत अशी की हेच मास्तर घरी गेले की बायकोच्या हातचा मार खातात, असंही त्यात सांगितलंय. सरांच्या रांगेतून हसू आलं, बरं वाटलं.

आता हे गाणं लिहिणारा कोण ते ऐका. रॉजर वॉटर्स. जन्म सप्टेंबर १९४३. त्याचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा हा पाच महिन्यांचा होता. (त्याच वर्षी जुलैत त्याच इटलीत आपल्या रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे लढताना पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढ्या लांबच्या युद्धात आपलीही घरं होती, हे आपण विसरतो.) तर हे एरिक वॉटर्स, लष्करात जाण्याआधी काय करत होते? शाळामास्तर होते. आणि रॉजरला ज्यांनी एकटीने वाढवलं त्या आईसुद्धा शिक्षिका. म्हणजे शिक्षकांवर जगातलं सगळ्यात गाजलेलं टीकेचं गाणं शिक्षक आईबापांच्या पोराने लिहिलंय. समोर बसलेल्यांपैकी ज्यांचे आईवडील शिक्षक होते त्यांना यात काही नवल वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे. वॉटर्सने पुढे सांगितलंही आहे की सगळ्या शिक्षकांना सरसकट झोडपायचा हेतू नव्हता, चांगलेही होते.

मला इंजिनिअर म्हणून या गाण्याची घडण फार आवडते, तर तेवढं सांगू द्या. मूळ गाणं अगदीच आखूड होतं, एक कडवं आणि एक धृपद, संपलं. निर्माता बॉब एझ्रिन. त्याला वाटलं, हे लोकांत चालणारं गाणं आहे. ठेकाही त्यानेच त्या काळच्या डिस्कोसारखा सुचवला होता. पण बँडवाले सुटी गाणी काढायला राजी नव्हते, आणि एका कडव्याचं गाणं रेडिओवर वाजणार तरी कसं? मग एझ्रिनने टेपवर तेच कडवं पुन्हा जोडलं. आपल्या भाषेत कॉपी-पेस्ट. फक्त तेव्हा माऊस नव्हता, फिती होत्या. आता दुसऱ्या वेळी तेच शब्द, मग वेगळं काय करायचं? मुलांच्या आवाजात घ्यायचं.

ही मंडळी तेव्हा अमेरिकेत काम करत होती. टेप लंडनला पाठवली. तिथला ध्वनिमुद्रक निक ग्रिफिथ्स. बँडचा स्टुडिओ लंडनच्या इस्लिंग्टन भागात, आणि जवळच इस्लिंग्टन ग्रीन नावाची सरकारी शाळा. निक त्या शाळेत गेला. संगीत शिक्षक होते अॅलन रेनशॉ. त्यांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी तेवीस मुलंमुली गोळा केली आणि स्टुडिओत नेली. गाण्याचे शब्द मुख्याध्यापिकांना आधी दाखवले नाहीत. दाखवले असते तर परवानगी मिळाली नसती, हे त्यांना कळत होतं. (शिक्षकवृंदात हे कौशल्य सार्वत्रिक आहे. विज्ञान प्रदर्शनाला म्हणून नेऊन आम्हाला वैनगंगेवर कोणी पोहायला सोडलं होतं, ते सर आज समोरच बसलेत. नाव घेत नाही.) तेवीस पोरांचा आवाज बारा वेळा एकावर एक चढवला आणि शेकडो मुलं गातायत असा भास निर्माण झाला.

या पोरांना गाता येत नाही, हीच त्या गाण्याची मजा आहे. ती ओरडतात. तेही रेडिओवरच्या बातम्यांच्या इंग्रजीत नाही, लंडनच्या गल्लीतल्या बोलीत, शब्दांच्या शेपट्या खाऊन. गाण्यातलं इंग्रजीही व्याकरणाने चुकीचं आहे, एकाच वाक्यात दोनदा नकार. आपल्या इंग्रजीच्या मॅडमनी लाल पेनाने आडवी रेघ मारली असती. पण ते सुधारलं असतं तर गाणं मेलं असतं.

आणखी एक गोष्ट मला अलीकडे जाणवली. जी मुलं म्हणतायत की आम्हाला तुमचं शिकवणं नको, ती ते आपल्या मनाने म्हणत नव्हती. त्यांच्या सरांनीच त्यांना ओळीत उभं करून ते पाठ करून घेतलं होतं! आणि त्यांना ते करताना आयुष्यातली सगळ्यात मोठी धमाल आली. मुख्याध्यापिका बाई, मार्गारेट मेडन, नंतर कळल्यावर नाराज झाल्या. मुलांना टीव्हीवर दिसायची परवानगी मिळाली नाही, म्हणून चित्रफितीत दुसरीच मुलं आहेत. पण पुढे त्याच बाई म्हणाल्या की एकूण पाहता मुलांच्या संगीत शिक्षणाचा तो भागच होता. शाळेला हजार पौंड मिळाले. मुलांना मानधनाचा वाटा नाही. २००४ साली एका माणसाने त्यांना त्यांचा कायदेशीर वाटा मिळवून द्यायचं मनावर घेतलं, आणि ही विखुरलेली, चाळिशीकडे झुकलेली पोरं शोधली कशी? तर शाळेतले जुने सोबती शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळावरून. आपल्या समितीने व्हॉट्सॲपवर जे केलं तेच.

या गाण्याचा आणखी एक प्रवास सांगते आणि मग माझ्या मुद्द्यावर येते. १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेत काळ्या आणि मिश्रवर्णीय मुलांनी आपल्याला मिळणाऱ्या दुय्यम शिक्षणाविरुद्ध शाळांवर बहिष्कार घातला. आंदोलनात ती मुलं हे गाणं म्हणायला लागली आणि मे १९८० मध्ये तिथल्या सरकारने गाण्यावर बंदी घातली. ज्या मुलांना खरोखर शिक्षण हवं होतं त्यांनी हे गाणं उचललं, हे मला फार विचार करायला लावतं. त्यांना नको होतं ते शिक्षण नव्हे. आपण कमी आहोत हे रोज शिकवलं जाणं नको होतं.

तर मुलीबरोबर मी अल्बम ऐकला, आणि मग आम्ही सिनेमा पाहिला. ॲलन पार्करचा, १९८२ चा. त्यात मुलं मुखवटे घालून सरकत्या पट्ट्यावरून चालत येतात आणि खिमा करण्याच्या यंत्रात पडतात, ते दृश्य प्रसिद्ध आहे. पण मी अडकले त्याच्या आधीच्या एका साध्या दृश्यात. वर्ग चालू आहे. पोरगा वहीत काहीतरी लिहितोय. मास्तर वही हिसकावतो. कविता आहे. तो ती सगळ्या वर्गाला चेष्टेच्या सुरात वाचून दाखवतो आणि वर्ग हसतो.

मुलीने विचारलं, “आई, काय झालं?” मी म्हटलं, काही नाही, चहा ठेवते.

आता मी जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी काहींना आठवेल. नववी ‘ब’. १९९५-९६. तेव्हा गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होतं, वर्गात तिकडचीही दोन-तीन मुलं होती. माझे बाबा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, मूळचे साताऱ्याकडचे. त्यामुळे माझ्या तोंडी ‘ण’ आणि ‘ळ’ खणखणीत. त्यात माझी काहीच कर्तबगारी नव्हती, घरी तसं बोलायचे एवढंच. पण त्याच्या जोरावर मी वक्तृत्वात पहिली यायचे आणि नववीत वर्गप्रमुख झाले.

खिडकीकडच्या शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगा बसायचा. नाव घेत नाही, त्याला विचारूनच घेत नाही. एका खेड्यातून सायकलने यायचा. त्याच्या बोलण्यात डोळ्याचा ‘डोरा’ व्हायचा, पाण्याचं ‘पानी’, शंकराचा ‘संकर’. आज मला माहीत आहे की ही झाडीबोली आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिच्यासाठी आयुष्य घातलंय, तिच्यात ण, ळ, श हे वर्ण नाहीत म्हणून ती अशुद्ध ठरत नाही, तिचे स्वतःचे नियम आहेत. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की ते ‘खेड्याचं’ आहे. मराठीच्या तासाला त्याला धडा वाचायला उभं करायचे आणि ‘ळ’ आला की वर्ग श्वास रोखून बसायचा. मग तो ‘ळ’ वीस वेळा म्हणायला लावायचे. जीभ वळायची नाही. हसण्याचा पहिला आवाज बऱ्याचदा माझा असायचा.

तो मुलगा त्याच्या गावच्या दंडारीत काम करायचा. भाऊबीज झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक, हे तुम्हाला मी काय सांगू? मला मात्र तेव्हा ते माहीत नव्हतं, कॉलनीतली आम्ही पोरं मंडईला फारशी जात नव्हतो. त्याच्याकडे एक वही होती. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. मधल्या सुटीत तो तीत काहीतरी लिहायचा आणि कुणी आलं की बंद करायचा.

दिवाळीच्या सुटीनंतरची गोष्ट. तास सुरू व्हायच्या आधी ती वही त्याच्या बाकाखाली पडली होती. मी उचलली, उघडली. गाणी होती. मी ती त्याला परत देऊ शकले असते, तो पाण्याच्या टाकीपाशीच होता, मला खिडकीतून दिसत होता. मी ती सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हटलं, “सर, हा वर्गात हे लिहितो.”

सरांनी ती वाचून दाखवली. त्याच्या उच्चारांची नक्कल करत, हातवारे करत. सर नक्कल उत्तम करायचे, त्यामुळे वर्ग खूप हसला. तो उभा होता. मान खाली नव्हती, हे मला नीट आठवतं. तो सरांकडे नाही, वहीकडे बघत होता. मग सरांनी वही ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाले, “दहावी पास हो, मग घेऊन जा.” तो दहावीला आमच्याबरोबर नव्हता. नववीची परीक्षा दिली आणि आलाच नाही. आपल्या बॅचच्या फोटोत तो नाही, म्हणून समितीच्या यादीतही नव्हता.

सर आता नाहीत. त्यांच्याबद्दल मी आज तक्रार करायला उभी नाही. त्यांनीच मला निबंध लिहायला शिकवलं, माझ्या वक्तृत्वाची भाषणं रविवारी स्वतःच्या घरी बसवून घेतली, त्यांच्या घरचा चिवडा मी कितीदा खाल्ला. म्हणूनच मला ते गाणं हॉस्टेलवर ओरडून म्हणायला इतकं सोपं गेलं होतं. त्यात मुलं एका बाजूला आणि मास्तर दुसऱ्या बाजूला आहेत. मी मुलांच्या बाजूला उभी राहून ओरडत होते. सिनेमा पाहताना कळलं की त्या वर्गात आणखी एक जण असतो, जो वही टेबलावर नेऊन ठेवतो. सिनेमात तो दाखवलेला नाही. गाण्यात त्याच्यासाठी कडवं नाही.

मी त्याला शोधायला सुरुवात केली. सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढून मला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम. फेसबुकवर नाही, कुठेच नाही. शेवटी या ऑगस्टमध्ये आपल्याच एका मैत्रिणीने, तिच्या भावाचा राइस मिलशी संबंध आहे, नंबर मिळवून दिला. नंबर मिळाल्यावर मी तीन आठवडे फोन केला नाही. तेही सांगून टाकते.

फोन लागला तेव्हा मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, “मॉनिटर का?” मी हो म्हटलं. मग मी सगळं एका दमात बोलून टाकलं, वही मीच दिली होती, मी हसले होते, मला माफ कर, असं काय काय. वाक्यं पाठ केली होती, ती सगळी उलटीपालटी झाली. तो ऐकत होता. मग म्हणाला, “तू देल्ती ते मले मालूम होता.” म्हणजे त्याला तेव्हापासूनच माहीत होतं.

मला वाटलं, आता तो एकतर चिडेल किंवा म्हणेल की जाऊ दे, लहान होतो आपण. दोन्हीतलं काही म्हणाला नाही. त्याने विचारलं, “वही भेटली का?”

मी म्हटलं, कुठली वही? म्हणजे, मला कळलं होतं कुठली. पण मला सुचलंच नाही.

मग त्याने सांगितलं. वहीतली गाणी त्याची नव्हतीच. त्याच्या आजीची होती. आजीला लिहिता येत नव्हतं. तिच्या बापापासून आलेली दंडारीची गाणी तिच्या तोंडपाठ. “आजी सांगे अन् मी लिवो.” मधल्या सुटीत तो रात्री ऐकलेलं लिहून काढायचा, विसरायच्या आत. त्या हिवाळ्यात आजी गेली. निम्मी गाणी त्याला आठवतात, ती अजून दंडारीत होतात. निम्मी नाहीत. काही अशी आहेत की धृपद आठवतं आणि पुढचं कडवं नाही.

माफीबद्दल तो काहीच बोलला नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. मला त्याचा हक्क वाटला नाही. शेती कशी आहे विचारलं. धान बरं आहे म्हणाला, तुडतुडा आला होता पण सावरलं. मी त्याला आजच्या कार्यक्रमाचं निमंत्रण दिलं. तारीख ऐकून तो पहिल्यांदा हसला. “त्या दिवसी आमच्या गावची मंडई आहे. मी कसा येईन? तुमीच या.”

‘द वॉल’ची एक करामत आहे. अल्बम सुरू होतो तेव्हा ठेका पडायच्या आधी अगदी बारीक आवाजात कुणीतरी एक अर्धवट वाक्य बोलतं. त्याचा काही अर्थ लागत नाही. अल्बम संपतो तेव्हा तोच आवाज, तीच धून, आणि एका प्रश्नाचा पहिला अर्धा भाग, तिथेच तोडलेला. शेवटाला सुरुवात जोडली की प्रश्न पुरा होतो. मी हॉस्टेलवर इतकी वर्षं ऐकून मला हे कळलं नव्हतं, कारण दोन्ही टोकं कधी एकत्र आलीच नाहीत. माझ्या मुलीने ते शोधून काढलं आणि मला हेडफोन लावून ऐकवलं. तेव्हा मला त्याची ती धृपदं आठवली, पुढच्या कडव्यांवाचून पडलेली.

म्हणून आता मुख्य काम. आज हे एवढं सगळं बोलले ते यासाठी.

सरांच्या निवृत्तीनंतर त्यांच्या टेबलाचं सामान शिक्षक खोलीतल्या लोखंडी कपाटात गेलं, असं मला कार्यालयातून कळलं. नवी इमारत झाली तेव्हा त्यातलं काही रद्दीत गेलं, काही ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत. त्या खोलीत मी काल दुपारी दोन तास होते. मुख्याध्यापकांनी किल्ली दिली, त्यांचे आभार. १९९२ चे निकाल सापडले, उंदरांनी खाल्लेले नकाशे सापडले, आपल्या कोणाच्या तरी प्रयोगवह्या सापडल्या. वही सापडली नाही. पण दोन कपाटं अजून उघडायची आहेत, त्यांच्या किल्ल्या कुणाकडे नाहीत. समितीतले आपले लोहाराच्या व्यवसायातले मित्र उद्या सकाळी नऊला येतो म्हणाले आहेत. ज्यांना थांबणं शक्य आहे त्यांनी थांबा. सरांच्या घरच्यांशीही बोलणं झालंय, त्यांच्याकडच्या पेटीत बघतो म्हणालेत. तुमच्यापैकी कुणी कधी शाळेची रद्दी उचलली असेल, कुणाच्या घरी चुकून आली असेल, तर लाज बाळगू नका, मला सांगा. दोनशे पानी, एकेरी रेघी, खाकी कव्हर. पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत ‘श्री’ आहे, ते ‘स्री’ असं लिहिलंय.

आणि आज रात्री नऊला मी मंडईला निघतेय. गाडीत अजून तीन जागा आहेत. येताना शाल घ्या, वैनगंगेच्या काठाने थंडी लागते.